वाया गेला

सात-आठ वर्षं झाली असतील, माझ्याकडे भाषांतराचं एक काम आलं होतं, अमेरिकेतल्या आता म्हाताऱ्या झालेल्या सैनिकांच्या मुलाखती ऐकायच्या आणि खाली मराठी सबटायटल्स द्यायची. सगळे व्हिएतनामला जाऊन आलेले. त्यातला एक जण कॅमेऱ्याकडे न बघता स्वतःच्या तळहाताकडे बघत सांगत होता की मंगळवारी त्याचा दोस्त "वेस्टेड" झाला. मला वेस्टेड म्हणजे काय ते माहितीच होतं, मी टाइप करून मोकळी झाले, "मंगळवारी तो पिऊन तर्र झाला". आणि मग पुढचं वाक्य आलं. त्याच्या आईचं मला पत्र आलं, शेवटी तो काही बोलला का म्हणून विचारत होती.

मी व्हिडिओ थांबवला. मागे नेऊन तीनदा ऐकलं.

वेस्टेड म्हणजे मेला. ठार झाला. आज कुठल्याही अमेरिकन पोराच्या तोंडी हा शब्द दारूसाठीच येतो, पण १९६७-६८ साली त्या जंगलात पायी फिरणाऱ्या पोरांकडे तो मरणासाठी होता. आणि शब्दाचा साधा अर्थ बघा, वाया गेला. ते वाक्य बाहेर जायच्या आधी मी दुरुस्त केलं, कुणाला कळलंही नाही, पण माझ्या डोक्यातून ते गेलं नाही आणि त्याच आठवड्यात मी एक वही घातली, व्हिएतनामच्या शब्दांची. आता तिसरी वही चालू आहे. म्हटलं त्यातलं थोडं इथे लिहून काढावं, कारण हे युद्ध मला तारखांपेक्षा आणि नकाशांपेक्षा या शब्दांतून जास्त कळलंय.

आधी वेस्टेडचंच. मराठीत लढाईत माणूस मेला की आपण म्हणतो कामी आला. धारातीर्थी पडला. वीरमरण आलं. भाषेनेच ठरवून टाकलंय की हे मरण कशाच्या तरी उपयोगी पडलं. अमेरिकेतही सरकारी पत्रांत असलीच भाषा होती, देशासाठी दिलेलं बलिदान वगैरे, पण शेजारच्या खड्ड्यात झोपणारा दोस्त मेल्यावर त्या पोरांनी काय शब्द काढला तर वाया गेला. हे त्यांनी कुठल्या मोर्चात म्हटलेलं नाही, युद्धाला विरोध करायचा म्हणूनही म्हटलेलं नाही, आपापसात बोलताना म्हटलंय, आणि म्हणून मला ते जास्त खरं वाटतं. "मेला" हा शब्द तर सहसा कुणी तोंडातून काढायचंच नाही. झॅप्ड, म्हणजे करंट बसून जळाल्यासारखा. ग्रीज्ड, म्हणजे वंगण लावल्यासारखा, जणू सरकन निसटला. हिट झाला. किंवा नुसती तीन अक्षरं, के-आय-ए, किल्ड इन अ‍ॅक्शन, आणि मग त्याचंही पुढे कूल-एड झालं, कूल-एड म्हणजे अमेरिकेतली पोरं पितात ते सरबत. आपल्याकडे "खपला" म्हणतात तसं काहीसं, माल खपतो तसाच माणूसही खपतो, पण आपल्या त्या शब्दात कष्टाने झिजल्याची एक सावली आहे, त्यांच्या शब्दांत तीही नाही.

दुसरी नोंद वहीत आहे ती "द वर्ल्ड" ची. द वर्ल्ड म्हणजे जग, आणि जग म्हणजे फक्त अमेरिका. बॅक इन द वर्ल्ड, म्हणजे घरी. मग हे जिथे उभे होते ते काय होतं? त्याला नाव होतं "इन-कंट्री", किंवा नुसतं "नाम". जग तिकडे आणि आपण जगाच्या बाहेर. ज्या देशात कोट्यवधी माणसं भात लावत होती, लग्नं करत होती, पोरं वाढवत होती, तो देश या बोलीत जगात धरलेलाच नाही. मी पहिल्यांदा हे लक्षात घेतलं तेव्हा राग आला होता. आता नुसता राग येत नाही, कारण त्या शब्दाच्या मागे एकोणीस-वीस वर्षांच्या पोराची घराची ओढ पण आहे, आणि दोन्ही एकाच शब्दात आहेत, वेगळं काढता येत नाही.

त्याचं कारण नेमणुकीच्या पद्धतीत पण आहे. या युद्धात आर्मीच्या सैनिकाची पाळी बारा महिन्यांची आणि मरीनची तेरा महिन्यांची. युद्ध संपेपर्यंत राहा असं नव्हतं. प्रत्येकाला आल्या दिवसापासून स्वतःची परतीची तारीख माहिती, तिला डेरॉस म्हणायचे, परदेशातून परत जायला पात्र होण्याची तारीख अशा लांबलचक सरकारी नावातली पहिली अक्षरं जोडून झालेला शब्द, आणि तो इतका रुळला की त्याचं क्रियापद झालं, अमका गेल्या महिन्यात डेरॉस झाला. म्हणजे पाच लाख माणसं (१९६९ च्या एप्रिलमध्ये सगळ्यात जास्त होती, ५ लाख ४३ हजार) एकाच युद्धात होती पण प्रत्येकाचं युद्ध वेगळ्या दिवशी सुरू होऊन वेगळ्या दिवशी संपत होतं. एकटा यायचा, एकटा जायचा.

नवीन आलेल्याला एफ-एन-जी म्हणायचे, एन-जी म्हणजे न्यू गाय आणि एफ म्हणजे शिवी. किंवा चेरी. त्याच्याशी कुणी धड बोलायचं नाही, त्याचं नाव विचारायचं नाही, कारण पहिल्या काही आठवड्यांत चुका करून मरणारे तेच, आणि त्यांच्या चुकीने शेजारचाही जायचा. नाव माहिती झालं तर त्रास होणार. आणि ज्याचे दिवस संपत आले तो "शॉर्ट". दहापेक्षा कमी दिवस राहिले की सिंगल डिजिट मिजेट, एक आकडी बुटका. "मी इतका शॉर्ट झालोय की नाण्यावर बसून पाय हलवू शकतो" असली वाक्यं एकमेकांना ऐकवायचे, रोज नवीन.

शॉर्ट-टायमरचं कॅलेंडर मी फोटोंतच पाहिलंय. एका साध्या कागदावर पेनाने काढलेलं चित्र, कधी बाईचं, कधी हेल्मेट आणि बुटांचं, आणि त्या चित्राचे रेषा मारून बारीक बारीक तुकडे केलेले, प्रत्येक तुकड्यात एक आकडा. रोज एक तुकडा रंगवायचा. एका फोटोत अर्धं हेल्मेट रंगवलेलं आहे, घट्ट, रेषेच्या बाहेर जराही न जाता, पेनाची शाई संपत आली तिथे रंग फिका झालाय आणि मग पुढच्या तुकड्यापासून वेगळी शाई. मी त्या शाई बदललेल्या जागेकडे खूप वेळ बघत बसले होते. कुणाकडून तरी पेन मागून आणलं असणार. पुढचे तुकडे कोरे आहेत, त्यावरून काहीच कळत नाही, फोटो त्या दिवशी काढला एवढंच.

घरी नेणाऱ्या विमानाला फ्रीडम बर्ड म्हणायचे, भाड्याने घेतलेली साधी प्रवासी विमानं, आतमध्ये एअर होस्टेस वगैरे. कितीतरी जण सांगतात की जंगलातून निघाल्यावर दोन-तीन दिवसांत ते घराच्या जेवणाच्या टेबलावर होते. आधीच्या महायुद्धातली माणसं आठवडेच्या आठवडे जहाजातून, आपल्या तुकडीबरोबर, बोलत रडत घरी आली होती. यांना तेवढाही रस्ता मिळाला नाही.

आता वरच्या लोकांची भाषा. वर म्हणजे पेंटॅगॉन, व्हाइट हाउस आणि सायगॉनमधली ऑफिसं, सायगॉन म्हणजे अमेरिका ज्याच्या बाजूने लढत होती त्या दक्षिण व्हिएतनामची राजधानी. खालच्या पोरांनी मरण सहन व्हावं म्हणून शब्द बनवले, वरच्यांनी ते कुणाला दिसू नये म्हणून बनवले, असं मला वाटतं, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

मुळात हे युद्धच नव्हतं, कागदावर. अमेरिकन संसदेने युद्ध कधी जाहीर केलंच नाही, राष्ट्राध्यक्षाला फौज वापरायची मोकळीक देणारा १९६४ च्या ऑगस्टमधला टोंकिनच्या आखाताचा ठराव होता फक्त. त्यामुळे सरकारी कागदात जागोजागी "कॉन्फ्लिक्ट". गावं उठवून माणसं छावण्यांत नेऊन ठेवायची, त्याचं नाव पॅसिफिकेशन, म्हणजे शांत करणं. जिथे दिसेल त्याच्यावर गोळी झाडायची परवानगी तो फ्री फायर झोन, आणि हे नाव फार उघडं वाटायला लागल्यावर ते बदलून स्पेसिफाइड स्ट्राइक झोन केलं, जमीन तीच. तिथल्या अमेरिकन फौजेचा प्रमुख जनरल वेस्टमोरलंड याचं "सर्च अँड डिस्ट्रॉय" हे पण असंच, शोधा आणि नष्ट करा. १९६५ च्या ऑगस्टमध्ये काम ने नावाच्या गावात मरीन्स लायटरने गवताची छपरं पेटवतायत हे अमेरिकेतल्या घराघरांत टीव्हीवर दिसलं, त्यानंतर लायटरच्या ब्रँडवरून "झिप्पो" हेच घर जाळण्याचं क्रियापद होऊन बसलं, आणि पुढे पुढे लोकांच्या मनात सर्च अँड डिस्ट्रॉय म्हटलं की जळणारी छपरंच यायला लागली. मग १९६८ मध्ये तो शब्दच मागे घेतला आणि त्या जागी टेहळणीवजा काहीतरी सौम्य शब्द आणला.

१९६६ च्या सुरुवातीला बिन्ह दिन्ह प्रांतात एक मोठी मोहीम सुरू झाली, तिचं नाव होतं ऑपरेशन मॅशर. मॅशर म्हणजे चेंदामेंदा करणारा. राष्ट्राध्यक्ष जॉन्सनला ते नाव पटलं नाही, मधेच बदललं, व्हाइट विंग केलं. पांढरा पंख. मोहीम चालूच राहिली, त्याच गावांत, तीच माणसं. वहीत या दोन नावांच्या मधे मी एक रेघ मारून ठेवलीय आणि त्या पानावर बाकी काही लिहिलेलं नाही.

आणि कंबोडियावर बॉम्ब पडत असताना तिथल्या अमेरिकन दूतावासातला हवाई दलाचा एक कर्नल पत्रकारांवर चिडून म्हणाला होता की तुम्ही सारखं बॉम्बिंग बॉम्बिंग लिहिता, हे बॉम्बिंग नाहीये, हा एअर सपोर्ट आहे. १९७४ साली अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या संघटनेने दिशाभूल करणाऱ्या भाषेसाठी एक बक्षीस सुरू केलं आणि ते या वाक्याला दिलं. इंग्रजी शिकवणारे लोक हे काम करत होते याचं मला फार बरं वाटतं.

बॉडी काउंटबद्दल लिहिताना मला पानिपतचा तो निरोप आठवतो, दोन मोत्यें गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. आपण तो शाळेत पाठ केलेला असतो. मराठी माणसाला युद्धातलं मरण आकड्यांच्या सांकेतिक भाषेत ऐकायची सवय आहे म्हणा ना. पण तिथे खुर्द्याची मोजदाद झालीच नाही, आणि व्हिएतनाममध्ये नेमका खुर्दाच मोजत बसले. कुठली जमीन जिंकली, कुठलं शहर घेतलं हे दाखवायला नव्हतं, एक टेकडी आज घ्यायची आणि काही दिवसांनी सोडून द्यायची, मग आपण जिंकतोय हे कसं सांगणार, तर प्रेतं मोजून. किती मारले हाच आकडा. सायगॉनमध्ये रोज संध्याकाळी पत्रकारांना ब्रीफिंग असायचं, तिथे हे आकडे वाचून दाखवायचे, पत्रकार त्याला फाइव्ह ओ-क्लॉक फॉलीज म्हणायचे, पाच वाजताचा वेडेपणा. आकडा वाढला की अधिकाऱ्याची बढती, आकडा वाढला की तुकडीला शाबासकी. मेकाँगच्या खोऱ्यात डिसेंबर १९६८ पासून सहा महिने चाललेल्या स्पीडी एक्स्प्रेस मोहिमेत शत्रूचे जवळपास १० हजार ९०० ठार झाल्याचं सांगितलं आणि हाती लागलेली शस्त्रं किती, तर ७४८. हा हिशोब वाचल्यावर पोटात खड्डा पडतो. बाकीचे कोण होते मग.

त्याचं उत्तर पण बोलीतच आहे. मेला आणि व्हिएतनामी आहे, म्हणजे व्हीसी आहे, शत्रूचा गनिम आहे, असा एक अलिखित नियम होता आणि त्याला नाव होतं मिअर गूक रूल. मिअर म्हणजे नुसता. गूक ही शिवी. कोरियातून, त्याच्याही आधीच्या युद्धांतून चालत आलेली, आशियाई माणसासाठी. तशाच डिंक, स्लोप. मी या शब्दांचं मराठी करायला बसले होते आणि मला जमलं नाही, म्हणजे आपल्याकडे शिव्या कमी आहेत म्हणून नाही, आपल्या प्रत्येक शिवीत समोरचा निदान माणूस तरी असतो, कुणाचा तरी मुलगा असतो, कुठल्या तरी जातीचा गावाचा असतो, आणि या शब्दांचं कामच ते काढून घेण्याचं होतं. भरतीच्या ट्रेनिंगमध्येच शिकवायचे हे, तिथे पोचायच्या आधी.

१६ मार्च १९६८ ला माय लाई, अमेरिकन सैनिकांनी एका गावातली माणसं मारली ते. ज्या भागात ते गाव होतं त्याला सैनिक पिंकव्हिल म्हणायचे, नकाशावर तो भाग गुलाबी रंगवलेला होता म्हणून. पहिल्या सरकारी अहवालात आलं, १२८ शत्रू ठार, तीन शस्त्रं जप्त. प्रत्यक्षात बायका, म्हातारी माणसं, तान्ही मुलं, व्हिएतनामी मोजणीप्रमाणे ५०४. ते बाहेर यायला दीड वर्षाच्यावर लागलं. आणि पुढे खटला झाला त्यात तोच शब्द आला, वेस्ट. लोकांना वेस्ट करायचं. तोच शब्द जो दोस्तासाठी होता, वाया गेला, तो इथे खंदकात उभ्या केलेल्या बायकांसाठी, वाया घालवा.

त्या खटल्यातली एक गोष्ट मी कुणालाही सांगायला गेले की माझा आवाज बदलतो. तिथल्या तुकडीचा अधिकारी लेफ्टनंट कॅली, त्याच्यावरच्या आरोपपत्रात मेलेल्यांना काय म्हटलं होतं, तर "ओरिएंटल ह्यूमन बीइंग्ज". पौर्वात्य मानवप्राणी. म्हणजे खुनाचा आरोप ठेवतानासुद्धा, न्याय करायला बसल्यावरसुद्धा, नुसतं "माणसं" असं लिहिता आलं नाही, पुढे जात लावावी तसा शब्द लावला. त्या दिवशी ह्यू थॉम्पसन नावाच्या पायलटने आपलं हेलिकॉप्टर सैनिक आणि गावकरी यांच्या मधे उतरवलं आणि काही जणांना वाचवलं. तोही त्याच सैन्यातला, तीच बोली ऐकत आलेला. म्हणजे बोलीने सगळ्यांचं मन मारलं असंही नाही.

हेलिकॉप्टरवरून आठवलं, त्यांच्या हेलिकॉप्टरांची नावं बघा, इराक्वॉय, चिनूक, कायूस, कायोवा. सगळी अमेरिकेतल्या मूळ लोकांच्या जमातींची. आणि शत्रूच्या ताब्यातल्या मुलखाला काय म्हणायचे, इंडियन कंट्री. ज्यांची जमीन शंभर वर्षांपूर्वी घेतली त्यांचं नाव हेलिकॉप्टरला आणि त्यांचंच नाव शत्रूच्या जंगलाला. रोजच्या बोलण्यात हे इतकं सहज होतं की कुणी थांबून विचार केला नसणार.

शत्रूचं नावही बघण्यासारखं आहे. ते स्वतःला राष्ट्रीय मुक्ती आघाडी म्हणायचे. व्हिएत काँग हे विरोधकांनी दिलेलं नाव, व्हिएतनामी कम्युनिस्टचं छोटं रूप, हिणवून म्हटलेलं. त्याचं अमेरिकनांनी व्हीसी केलं, वायरलेसवर व्ही म्हणजे व्हिक्टर आणि सी म्हणजे चार्ली, म्हणून व्हिक्टर चार्ली, मग नुसता चार्ली. आणि जुने सैनिक, ज्यांनी त्याला लढताना पाहिला होता, ते कधी कधी मिस्टर चार्ल्स म्हणायचे. सर चार्ल्सही. शिवीपासून सुरू होऊन नकळत अहो-जाहोवर आलेला असा शब्द मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आणि मग ती खिचडी भाषा, जी सैनिक आणि तिथले लोक एकमेकांशी बोलायचे. बुकू म्हणजे खूप, हे फ्रेंच, आधी शंभर वर्षं फ्रेंच तिथे होते त्यांचं उरलेलं. टी-टी म्हणजे थोडंसं. दीदी म्हणजे नीघ, व्हिएतनामी दी दी माउ, लवकर जा, आणि सैनिकांनी त्याचं क्रियापद केलं, चला दीदी करू. डिंकी डाउ म्हणजे डोकं फिरलेला. नंबर वन म्हणजे मस्त, नंबर टेन म्हणजे वाईट, मधले आकडे जवळजवळ नाहीतच. मामासान, पापासान हे जपानी, झोपडीला हूच हेही जपानी घरावरून, म्हणजे जपानमध्ये आणि कोरियात राहून आलेल्या फौजेने उचललेलं तसंच इथे आणून टाकलं. आडरानाला बूनीज, तो शब्द त्याहून जुना, फिलिपिन्समधला, तिकडे बुंदोक म्हणजे डोंगर, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका तिथे लढायला गेली होती तेव्हापासून. एका वाक्यात तीन-चार परक्या देशांचे शब्द आणि ते सगळे देश असे की जिथे फौज गेली होती. व्हिएतनामी बाई ते शब्द अमेरिकन आहेत समजून बोलायची आणि अमेरिकन पोरगा ते व्हिएतनामी समजून.

सिन लॉय म्हणजे माफ करा. व्हिएतनामीमध्ये अगदी साधा, सभ्य शब्द आहे, धक्का लागला तरी म्हणतात. सैनिकांच्या तोंडी त्याचं झालं "सॉरी बाउट दॅट", घर जळालं, सिन लॉय. कुणी मेलं, सिन लॉय. एका भाषेतला माफीचा शब्द उचलून तो माफी न मागण्यासाठी वापरायचा. मला वाटतं वहीतला सगळ्यात वाईट शब्द हा आहे, गूकपेक्षाही.

व्हिएतनाममध्ये या युद्धाला व्हिएतनाम युद्ध कोण म्हणणार, तिथे ते अमेरिकेविरुद्धचं प्रतिकारयुद्ध आहे. ज्याला अमेरिकन हो ची मिन्ह ट्रेल म्हणतात तो त्यांचा चुओंग सोन मार्ग, डोंगराच्या नावाने. डिसेंबर १९७२ मधल्या हनॉयवरच्या बॉम्बफेकीला ते आकाशातलं दिएन बिएन फू म्हणतात, १९५४ मध्ये त्यांनी फ्रेंचांना जिथे हरवलं त्या जागेवरून. आणि ३० एप्रिल १९७५, सायगॉन पडलं तो दिवस, देशात तो मुक्तीचा दिवस आहे, आणि होडीतून पळून गेलेल्या, आता कॅलिफोर्नियात वगैरे राहणाऱ्या व्हिएतनामींसाठी तो काळा एप्रिल. एकाच भाषेत, एकाच दिवसाला. फूट फक्त अमेरिकेत पडली होती असं नाही.

अमेरिकेतली फूट तर सगळ्यांना माहितीये, हॉक्स आणि डव्ह्ज, ससाणे आणि पारवे, ड्राफ्ट डॉजर, बेबी किलर, आवडत नसेल तर देश सोडा, निक्सनची सायलेंट मेजॉरिटी, त्यावर मी फार लिहीत नाही. पण फौजेच्या आतल्या फुटीचे शब्द कमी लोकांना माहिती असतात. काळे सैनिक एकमेकांना ब्लड म्हणायचे, रक्ताचा, आणि भेटल्यावर डॅप करायचे, हातावर हात, मुठीवर मूठ, मग छातीवर, लांबलचक, प्रत्येक हालचालीला अर्थ, तू माझ्यावर नाहीस मी तुझ्यावर नाही, आपण बरोबरीचे. काही अधिकाऱ्यांना ते सहन व्हायचं नाही, त्यासाठी शिक्षा पण व्हायच्या. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगचा खून झाला तेव्हा काम रान्ह बेच्या तळावर काही गोऱ्यांनी गुलामगिरीवाल्यांचा जुना झेंडा लावला होता. आणि शेवटच्या वर्षांत आला फ्रॅगिंग, फ्रॅगमेंटेशन ग्रेनेडवरून, म्हणजे स्वतःच्याच अधिकाऱ्याच्या तंबूत हातबॉम्ब टाकणं. ग्रेनेडवर बोटांचे ठसे राहत नाहीत. ज्या फौजेला या गोष्टीसाठी वेगळा शब्द लागला तिची अवस्था काय असेल.

एवढं सगळं वाचून वाटेल की त्या बोलीत सगळं कठोरच होतं. तसं नाही. डॉक हा शब्द घ्या. प्लॅटूनमधला मेडिक, डॉक्टर नाही, काही महिन्यांचं ट्रेनिंग घेतलेला पोरगा, पण त्याला सगळे डॉकच म्हणायचे आणि तो शब्द मुलाखतींत ऐकताना त्यांचा आवाज मऊ होतो, पन्नास वर्षांनीही होतो. डस्ट-ऑफ म्हणजे जखमींना उचलणारं हेलिकॉप्टर, मूळ वायरलेसवरचं नुसतं नाव, धूळ झटकणं. मेजर चार्ल्स केली या पायलटला १ जुलै १९६४ ला खालून वायरलेसवर सांगत होते की इथे फार गोळीबार आहे, नीघ, आणि तो म्हणाला, तुमचे जखमी घेतले की निघतो. तिथेच गोळी लागून तो गेला. पुढे डस्ट-ऑफवाल्या सगळ्या पायलटांसाठी तेच वाक्य नियमासारखं झालं.

आणि हॉस्पिटलात एक शब्द होता, एक्स्पेक्टंट. जखमी आले की नर्स वर्गवारी करायच्या, याला आत्ता न्या, हा थांबू शकेल, आणि तिसरे एक्स्पेक्टंट, म्हणजे वाचणार नाहीत, त्यांना पडद्यामागे ठेवायचं. तसा हा शब्द इंग्रजीत गरोदर बाईसाठी वापरतात. मी महिनाभर अडले होते यावर, आणि मग एके दिवशी भांडी घासताना एकदम आला शब्द, दिवस भरलेले. आपल्याकडे गरोदर बाईचेही दिवस भरतात आणि मरणाऱ्याचेही. मी ओल्या हातानेच वहीत लिहिलं, पान अजून फुगलेलं आहे. त्या पडद्यामागे बसून कितीतरी नर्सेसनी अशा मुलांचा हात धरलाय, ड्युटी संपल्यावर, झोपायच्या वेळात.

वॉशिंग्टनमधल्या काळ्या ग्रॅनाइटच्या भिंतीवर, १९८२ ला उभी राहिली ती, ५८ हजारांच्यावर नावं आहेत, त्यात आठ बायका, सगळ्या नर्स. माया लिन नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने ती डिझाइन केली आणि तेव्हा तिलाही शब्दांचा मारा झाला, शरमेचा काळा घाव म्हणाले तिच्या भिंतीला. भिंतीवर हुद्दा नाही, गाव नाही, कामी आला नाही, वाया गेला नाही, नुसतं नाव, आणि ज्या क्रमाने गेले त्या क्रमाने, म्हणजे एकाच दिवशी गेलेले दोस्त जवळ जवळ आहेत.

वहीत एक वाक्य मात्र बरीच वर्षं कोरं होतं. "डोन्ट मीन नथिंग." सगळ्यांच्या मुलाखतीत येतं. दोस्त मेला, डोन्ट मीन नथिंग. बायकोचं सोडून गेल्याचं पत्र आलं, डोन्ट मीन नथिंग. पाऊस, चिखल, पुन्हा तीच टेकडी, डोन्ट मीन नथिंग. मी लिहून बघितलं, याला काही अर्थ नाही. फार तत्त्वज्ञानी वाटलं. काही फरक पडत नाही. फार बेफिकीर वाटलं, आणि ते बेफिकीर नव्हते. त्या पहिल्या मुलाखतीतला माणूसही आईच्या पत्राचं सांगून झाल्यावर हेच म्हणाला होता आणि मी तेव्हा ती ओळ कशीबशी भरली होती.

मागच्या महिन्यात ती मुलाखत पुन्हा काढून पाहिली. समोरून विचारणारी बाई, खूप वेळ गप्प राहून, विचारते, मग तुम्ही त्यांना उत्तर पाठवलंत का. तो तळहात उलटा करतो, मिटतो. मान हलवतो. ती विचारते, आत्ता काय आठवतंय तुम्हाला. तो म्हणतो, डोन्ट मीन नथिंग.

मी लिहिलं, "काही नाही."